शीत कुठून उचलावे?

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण सहज म्हणून जातो. रोज भात शिजवणाऱ्या बाईला मात्र या म्हणीतली मेख ठाऊक असते. ती वरवरचे शीत उचलत नाही. पळी खोल घालते, मधला भात वर आणते आणि त्यातले एक शीत बोटांत दाबून पाहते. वरचा भात वाफेवर मऊ झालेला असतो. आत कणी राहिली आहे की नाही, ते मधले शीतच सांगते. एका शितावरून पातेलेभर भाताचा अंदाज बांधता येतो, पण शीत कुठून उचलले यावर तो अंदाज खरा ठरतो की खोटा, हे अवलंबून असते.

जोडीदाराची निवड ही अशीच शितावरून करायची परीक्षा आहे. ज्या माणसाबरोबर चाळीस-पन्नास वर्षे काढायची, त्याची निवड आपण चार-दोन भेटींत करतो. प्रेमविवाहातही सहवासाचे तास जास्त असले तरी ते बहुतेक सुटीचे, फिरण्याचे, हौसेचे तास असतात. तेव्हा नमुना लहानच राहणार, हे गृहीत धरावे लागते. प्रश्न उरतो तो हा नमुना कुठून घ्यायचा याचा. माझे म्हणणे असे की माणसाच्या छोट्या छोट्या चांगुलपणाच्या कृती हाच यातला सर्वांत भरवशाचा नमुना आहे. मात्र अशी प्रत्येक कृती पुरावा म्हणून चालत नाही. कोणती चालते आणि का, ते पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

लक्षणे ओळखणे अवघड असते, ही कबुली फार जुनी आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात ती स्पष्ट आहे. तिथे उपाय सांगितला आहे तो मातीच्या आठ गोळ्यांचा. वर्षातून दोनदा पिकणाऱ्या शेताची माती, गोठ्यातली, यज्ञवेदीवरची, न आटणाऱ्या डोहातली, जुगाराच्या जागेवरची, चव्हाट्यावरची, उखर रानातली आणि स्मशानातली. या मातीचे गोळे करून मुलीसमोर ठेवावेत आणि तिने कोणता उचलला त्यावरून तिच्या पुढच्या आयुष्याचा अंदाज करावा. उत्तर पटो न पटो, अडचण त्यांनी प्रामाणिकपणे ओळखली होती. पुढे आपण अष्टकूट आणले. वर्णाचा एक गुण, वश्याचे दोन, तारेचे तीन, असे चढत नाडीचे आठ, मिळून ३६. त्यातले १८ जुळले की पुढचे बोलणे सुरू. शब्द ‘गुण’ हाच आहे. पण दारात आलेल्या माणसाशी हा मुलगा कसा बोलतो, आजारी बहिणीच्या उशाशी ही मुलगी किती वेळ बसते, याला त्या ३६ मध्ये जागा नाही. ती जागा आपल्यालाच करावी लागते.

चांगुलपणा म्हणजे काय

आधी शब्द नीट लावून घेऊ. सौजन्य, औदार्य आणि चांगुलपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लग्न ठरवताना आपण त्यांची गल्लत करतो. सौजन्य ही रीत आहे, ती शिकवता येते. नमस्कार करणे, ‘या, बसा’ म्हणणे, आवाज खाली ठेवणे हे सौजन्य. औदार्याला ऐपत लागते आणि पुष्कळदा प्रेक्षकही लागतात. चांगुलपणाची सुरुवात या दोन्हींच्या आधी होते: समोरच्याची गरज त्याने न सांगता लक्षात येणे. लक्ष जाणे ही पहिली पायरी, आणि हात पुढे होणे ही दुसरी. ज्याचे लक्षच जात नाही त्याचा स्वभाव कितीही प्रेमळ असला तरी संसारात ते प्रेम पोहोचत नाही.

एक प्रसंग मी जवळून पाहिला आहे. माझ्या भाचीला पाहायला साताऱ्याला मंडळी आली होती. मुलगा, त्याचे वडील आणि मावशी. वडिलांच्या हाताला कंप होता. चहा आला. मुलगा माझ्या मेहुण्यांशी त्याच्या कामाविषयी बोलत होता. बोलणे न तोडता त्याने वडिलांचा कप उचलला, चहा बशीत अर्धाच ओतला, बशी त्यांच्या दोन्ही हातांत नीट बसेपर्यंत खालून बोट धरून ठेवले आणि मग हात काढून घेतला. वडिलांनी त्याच्याकडे पाहिले नाही, त्याने वडिलांकडे पाहिले नाही. खोलीतल्या आणखी कोणाच्याही ते ध्यानात आले नसावे. पोह्यांच्या बशा गोळा करायला वाकलेल्या माझ्या भाचीच्या मात्र आले.

त्या कृतीचे वजन कशात होते? तिच्यावर कोणाची नजर नव्हती. तिच्यात सराव दिसत होता. बशी अर्धीच भरायची हे रोज चहा देणाऱ्यालाच कळते. आणि तिच्यात वडिलांची लाज सांभाळलेली होती. ‘बाबा, सांडेल हं’ असे मोठ्याने म्हणून मदत करता आली असती. तीही मदतच झाली असती, पण भरल्या घरात वडिलांना कमीपणा आला असता.

भूमिका आणि माणूस

आता उलट बाजू. त्याच बैठकीत माझ्या भाचीने ट्रे आणला, सगळ्यांना पाणी दिले, मावशींना दुसऱ्यांदा पोहे वाढले. यावरून तिच्या स्वभावाविषयी काय कळले? जवळजवळ काहीच नाही. ते तिचे ठरवून दिलेले काम होते.

मानसशास्त्रात याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. एडवर्ड जोन्स, कीथ डेव्हिस आणि केनेथ गर्गन यांनी १९६१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना नोकरीच्या मुलाखती ऐकवल्या. काहींत उमेदवार पाणबुडीवरच्या कामासाठी आला होता, काहींत अंतराळवीर होण्यासाठी. दोन्ही कामांना कसा माणूस हवा, हे उमेदवाराला आधी सांगितलेले होते. पाणबुडीवर इतरांत मिसळणारा, अंतराळात एकटा राहू शकणारा. जो उमेदवार कामाला साजेसे बोलला, त्याच्या खऱ्या स्वभावाविषयी ऐकणाऱ्यांना खात्रीने काही सांगता येईना. जो अपेक्षेच्या विरुद्ध बोलला, त्याच्याविषयी मात्र ते ठामपणे बोलू शकले. भूमिकेने जे करायला लावले ते भूमिकेचे असते. जे भूमिकेबाहेर घडते ते माणसाचे.

कांदेपोह्यांचा कार्यक्रम ही अशीच मुलाखत आहे. मुलीने नम्र असावे, मुलाने समजूतदार दिसावे, दोन्हीकडच्या आयांनी ‘आम्हाला काही नको’ म्हणावे, हे सगळे आधीच ठरलेले आहे. इथे एक जास्तीचा अन्यायही आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या घरांत मुलीला सेवा लहानपणापासून अंगवळणी पाडली जाते. त्यामुळे तिचे वाढणे-करणे ‘वळण’ म्हणून मोजले जाते आणि मुलाने स्वतःची बशी उचलून मोरीत ठेवली तरी कौतुक होते. पाहणाऱ्याने हे भान ठेवावे. मुलीचा चांगुलपणा पाहायचा असेल तर जिथे तिला कोणी काही सांगितलेले नाही तिथे पाहावा. त्याच भाचीने मंडळी निघताना आधी बाहेर जाऊन त्या वडिलांच्या चपला उंबऱ्याशी आणून, त्यांची तोंडे बाहेरच्या बाजूला करून ठेवल्या होत्या. वाकून चपला वळवणे त्यांना जमणार नाही, हे तिने जिना चढतानाच पाहिले होते.

दोन जुन्या गोष्टी

चांगुलपणावरून वधू निवडल्याची सर्वांत प्रसिद्ध कथा बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या २४ व्या अध्यायात आहे. कोकणातल्या मराठी मातृभाषेच्या बेने इस्राएल समाजाचाही तो धर्मग्रंथ. अब्राहामाचा सेवक त्याच्या मुलासाठी, इसहाकासाठी, मुलगी पाहायला निघतो. बरोबर दहा उंट. संध्याकाळी गावाबाहेरच्या विहिरीशी तो थांबतो आणि मनाशी खूण ठरवतो: मी प्यायला पाणी मागेन, आणि जी मुलगी मला पाणी देऊन ‘तुमच्या उंटांनाही पाजते’ म्हणेल, तीच. रिबका येते. तो फक्त स्वतःपुरते मागतो. उंटांचे ती आपणहून म्हणते आणि धावपळ करत सगळ्यांना पाजते.

ही खूण किती विचाराने ठरवलेली आहे, हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. बरेच दिवस तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. दहा उंट पुरते तहानलेले धरले तर हजार लिटर. पंधरा लिटरची घागर धरली तर साठ-सत्तर खेपा, आणि प्रत्येक खेपेला झऱ्यापर्यंत खाली उतरून वर यायचे. उंट लांबच्या वाटेने आलेत, तेही तहानलेले असणार, हे तिच्या लक्षात आले. जनावरे मागत नाहीत आणि आभारही मानत नाहीत. हा माणूस कोण, त्याच्या सामानात सोन्याची कडी आहेत, हे तिला ठाऊक नव्हते. परीक्षा चालली आहे याचीही तिला कल्पना नव्हती. लहान कृतीला पुराव्याची किंमत ज्या गोष्टींनी येते त्या सगळ्या इथे आहेत. त्या सेवकाच्या शहाणपणाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

दुसरी गोष्ट दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तली, गोमिनीची. कांचीच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा शक्तिकुमार ज्योतिषाच्या वेषात प्रस्थभर भात पदरात बांधून गावोगाव हिंडतो आणि विचारतो, एवढ्यात मला पोटभर जेवू घालशील का? मुली हसतात, हाकलून देतात. कावेरीकाठी गोमिनी भेटते. घराणे खालावलेले, अंगावर मोजके दागिने. ती भात वाळवते, तूस न मोडता कांडते, ते तूस सोनारांना दागिने उजळायला विकून लाकडे आणि भांडी आणवते, उरलेल्या कोळशांवर भाजी, तूप, दही मिळवते, आणि पाहुण्याला आधी अंघोळीला तेल-आवळा देऊन मग पानावर बसवते. शक्तिकुमार तिच्याशी लग्न करतो.

बहुतेक लोक गोष्ट इथे थांबवतात. दंडी थांबत नाही. लग्नानंतर शक्तिकुमार तिच्याकडे दुर्लक्ष करून एका गणिकेला घरी आणतो. गोमिनी तिलाही मायेने वागवते, घर सांभाळते, आणि शेवटी तो तिच्या गुणांपुढे नमतो. कथेच्या दृष्टीने हा तिचा विजय आहे. मला मात्र या कथेत पद्धतीचा दोष दिसतो. परीक्षा एकाच बाजूने झाली. गोमिनीची पारख पुरेपूर केली. दारोदार फिरून अनोळखी मुलींची परीक्षा घेणारा हा मुलगा स्वतः कसा आहे, हे तिच्या बाजूने कोणीही पाहिले नाही. आपल्याकडच्या ‘मुलगी पाहणे’ या शब्दप्रयोगातच हा दोष अजून बसलेला आहे.

एक कृती, अनेक कृती, आणि घाई

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग एकदा बशी धरताना पाहिले की झाले. तसे नाही.

१९२० च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा आणि परोपकार वेगवेगळ्या प्रसंगांत तपासला. वर्गात कॉपी न करणारे मूल खेळात फसवत नाही, असे त्यांना आढळले नाही. एका प्रसंगावरून दुसऱ्याचा अंदाज फारच कच्चा ठरत होता. यावरून काहींनी निष्कर्ष काढला की स्वभाव असे काही नसतेच. पुढे १९७९ मध्ये सेमूर एपस्टीन यांनी दाखवले की एकेका दिवसाचे वागणे बेभरवशाचे असले तरी अनेक दिवसांची सरासरी घेतली की माणसामाणसांतला फरक स्थिर दिसू लागतो. स्वभाव असतो, पण तो एका कृतीत मावत नाही. अनुभवी बाया ‘चार प्रसंगी पाहिल्याशिवाय माणूस कळत नाही’ म्हणतात, ते शब्दशः बरोबर आहे.

मग कोणते चार प्रसंग? माझ्या मते घाईचा प्रसंग त्यांत असलाच पाहिजे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा १९७३ चा प्रयोग याला आधार आहे. प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले. वाटेत एक माणूस दारात कोसळलेला, खोकत, कण्हत. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना थोडी घाई होती त्यांच्यातले ४५ टक्के. ज्यांना ‘उशीर झालाय’ असे सांगितले होते त्यांच्यातले अवघे १० टक्के. काहींचे भाषण तर वाटेत पडलेल्या जखमी प्रवाशाला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यावरच होते. त्याने फारसा फरक पडला नाही. या आकड्यांवरून घाईतला माणूस वाईट असतो असे ठरत नाही. घाईत लक्ष आक्रसते, आणि चांगुलपणा सुरू होतो तो लक्षातून.

संसार हा बहुतांशी घाईत चालतो. सकाळचे डबे, मुलाची शाळेची गाडी, सासऱ्यांची रक्ताची तपासणी, गॅस संपलेला. म्हणून रविवारच्या संध्याकाळी बागेत दिसलेला चांगुलपणा वरच्या शितासारखा असतो. खोटा नव्हे, पण पातेल्याच्या तळाविषयी तो काही सांगत नाही.

संसारात याचे काय होते

डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३३ देशांतल्या, ३७ समाजगटांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत जोडीदार मायाळू आणि समजूतदार असावा ही अपेक्षा स्त्रिया आणि पुरुष दोघांनीही अगदी वर ठेवली होती. म्हणजे हवे काय, हे सगळ्यांना कळते. आपल्या परिचयपत्रात मात्र पगार, उंची आणि स्वतःचे घर यांना रकाने असतात. मोजता येते ते आपण विचारतो.

त्याहून मोलाचे काम जॉन गॉटमन यांचे. सिएटलला त्यांनी नवविवाहित जोडप्यांना घरासारख्या सजवलेल्या जागेत राहायला बोलावले आणि त्यांचे साधे बोलणे नोंदवले. एकाने ‘हे बघ ना, पाऊस केवढा आलाय’ म्हटले की दुसरा काय करतो? वर पाहतो, हुंकार देतो, की ऐकू न आल्यासारखा बसून राहतो? सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती, त्यांनी अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा प्रतिसाद दिला होता. जी विभक्त झाली, त्यांनी ३३ वेळा. विषय पाऊस, पक्षी, पेपरातली बातमी, इतकाच असायचा. पण प्रत्येक ‘बघ ना’मध्ये ‘माझ्याकडे लक्ष आहे ना?’ हा प्रश्न असतो. बशी अर्धी भरणाऱ्याचे लक्ष आणि ‘बघ ना’ म्हटल्यावर वर पाहणाऱ्याचे लक्ष एकाच जातीचे आहे, असे मी मानतो. निवडीच्या वेळच्या लहान कृतीतून पुढचा संसार दिसू शकतो, तो या दुव्यामुळे.

दोन ठिकाणी हा दुवा तुटतो. एक म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस. गल्लीत कोणाचे दुखले-खुपले तर धावणारा, रक्तदानाला पहिला, आणि घरात आईने तिसऱ्यांदा हाक मारली तरी मोबाइलमधून मान वर न करणारा. त्याचा बाहेरचा चांगुलपणा खराही असतो, पण त्याला टाळी मिळते आणि घरात टाळी नसते. म्हणून घरच्या माणसांशी, त्यातही ज्यांच्याकडून आता काही मिळायचे उरले नाही अशांशी, तो कसा वागतो हे पाहावे. दुसरे म्हणजे हिशेबी उपकार. ‘मी तिच्यासाठी एवढे केले’ हे वाक्य ज्याच्या तोंडी वारंवार येते, त्याची मदत कर्जासारखी असते आणि लग्नानंतर वसुली सुरू होते. हे कळायला सोपी जागा आहे: आधीच्या स्थळांविषयी तो किंवा ती कसे बोलते ते ऐकावे. नकार दिलेल्या मुलीची चेष्टा करणारा, किंवा नकार दिलेल्या मुलावर दात धरणारी, हे आज गोड बोलत असले तरी सावध व्हावे. नकार वेळेवर आणि सरळ शब्दांत कळवणे, समोरच्या घराला महिनाभर ताटकळत न ठेवणे, यासारखा निरपेक्ष चांगुलपणा या सगळ्या व्यवहारात दुसरा नाही.

हॉटेलात वेटरशी कसा बोलतो ते पाहा, हा सल्ला आता सर्वांना पाठ झाला आहे. जी परीक्षा परीक्षार्थ्याला माहीत असते तिचा उपयोग कमी होतो. म्हणून मी मुलामुलींना सांगते, समोरासमोर बसून कॉफी पिण्यापेक्षा एखाद्या कामाला बरोबर जा. आजीचा चष्मा दुरुस्त करून आणा, मित्राचे घर हलवायला मदत करा, सणाच्या आदल्या दिवशी मंडईत जा. हातात काम असले की माणूस स्वतःला मांडायचे विसरतो.

भाचीने बशी पाहिली म्हणून होकार दिला नाही. तिने आणखी भेटी मागितल्या, आणि घरात त्यावरून थोडी कुरकुर झाली. तिसऱ्या भेटीनंतर ती त्याला सोडायला सातारा स्टँडवर गेली. स्वारगेटची विनाथांबा सुटायला पाच मिनिटे होती. फलाटाशी एका म्हाताऱ्या बाईंनी हातातली पिशवी सावरत त्याला विचारले, कोरेगावची गाडी कुठली? तो ‘पलीकडे विचारा, आजी’ म्हणाला आणि तसाच पुढे चालत राहिला. भाचीची पावले थांबली. ती काही बोलली नाही. दहा-बारा पावलांवर त्याच्या लक्षात आले की ती बरोबर नाही. त्याने वळून पाहिले आणि मग उलट दिशेने जवळजवळ धावतच गेला. आजी फलाटाशी नव्हत्या. तो पलीकडच्या रांगेपर्यंत जाऊन, दोन गाड्यांत डोकावून परत आला. तोवर त्याची गाडी सुटली होती.

‘मिळाली त्यांना गाडी. खिडकीशी बसल्यात,’ तो म्हणाला. ‘पण मी आधीच थांबायला हवं होतं.’

पुढची गाडी पाऊण तासाने होती. तेवढा वेळ दोघे स्टँडवरच्या बाकावर बसून राहिले. त्या रात्री भाचीने मला फोन केला आणि होकार कळवायला सांगितले.